परीक्षेचे विद्यापीठ आणि त्याची माणसे : मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, कुलगुरू व अध्यापक यांच्या चरित्रसंग्रहाची प्रस्तावना

मुंबई विद्यापीठाच्या नामवंतांची यादी करावयास घेतली की पहिल्या काही नावांतच अडचण उभी राहते. दादाभाई नौरोजी यांचे नाव अशा याद्यांत हटकून आढळते. परंतु विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि दादाभाई त्यापूर्वी, १८५५ सालीच, एल्फिन्स्टन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापन सोडून इंग्लंडला गेले होते. महात्मा गांधी १८८७ साली याच विद्यापीठाची मॅट्रिक उत्तीर्ण झाले आणि भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात काही महिने शिकून विलायतेस गेले, तेव्हा त्यांना येथील विद्यार्थी म्हणता येईल, पण पदवीधर म्हणता येणार नाही. होमी भाभा यांची गोष्टही तशीच. मुंबईत महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभ करून ते केंब्रिजला गेले आणि पदवी त्यांनी तेथे घेतली. उलट लोकमान्य टिळक, गोपाळ गणेश आगरकर, विठ्ठल रामजी शिंदे यांचे सारे शिक्षण पुण्याच्या डेक्कन किंवा फर्ग्युसन महाविद्यालयाच्या नावाने ओळखले जाते, आणि त्यांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या होत्या ही गोष्ट पुणेकर वाचकांच्या सहसा लक्षात राहत नाही. म्हणून प्रस्तुत ग्रंथात कोण किती मोठा होता याची मोजदाद करण्यापेक्षा त्या व्यक्तीचे विद्यापीठाशी नेमके कोणते नाते होते, हे नोंदविण्यावर भर दिला आहे. आणि ते नाते कळण्यासाठी विद्यापीठाची मूळ घडण आधी समजून घ्यावी लागते.

सर चार्ल्स वुड यांच्या १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांच्या शहरांत विद्यापीठे स्थापण्याची योजना होती आणि तिच्यासाठी लंडन विद्यापीठाचा नमुना समोर ठेवला होता. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला, त्या वेळी उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटलेला होता. हे विद्यापीठ शिकविणारे नव्हते. त्याला वर्ग नव्हते, प्राध्यापक नव्हते, वसतिगृह नव्हते; शिकविण्याचे काम महाविद्यालयांनी करावयाचे आणि विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवून, परीक्षा घेऊन पदवी द्यावयाची, अशी ही विभागणी होती. महाविद्यालयाला विद्यापीठाच्या परीक्षांसाठी विद्यार्थी पाठविण्याची जी मान्यता मिळते, तिला संलग्नता म्हणतात, आणि पहिली साठ वर्षे विद्यापीठ व महाविद्यालय यांच्यातील व्यवहार प्रामुख्याने या संलग्नतेच्या धाग्यावर चालला. मॅट्रिक म्हणून ओळखली जाणारी परीक्षाही मुळात शाळा संपल्याची परीक्षा नसून विद्यापीठात प्रवेश देणारी परीक्षा होती. ती १८५९ साली प्रथम घेतली गेली तेव्हा १३२ उमेदवारांपैकी २२ उत्तीर्ण झाले. तेव्हापासून ‘मॅट्रिक पास’ या शब्दांना महाराष्ट्रातील घराघरांत जे वजन आले, ते पुढे शंभर वर्षे टिकले.

या २२ जणांपैकी महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे १८६२ साली बी. ए. झाले, कला शाखेचे हे पहिले पदवीधर. चौघेही एल्फिन्स्टनचे होते आणि पुढे चौघांचाही प्रार्थना समाजाशी निकटचा संबंध आला. रानडे यांनी विद्यार्थिदशेत एका निबंधात इंग्रजी अंमलाची तुलना मराठ्यांच्या राज्याशी केली आणि प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती काही काळ बंद केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हे ग्रँट ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे भाष्यकार होते, पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि त्यानंतर एडिंबरा विद्यापीठाचे प्रमुख झाले. असा विद्वान गुरू आणि असा शिष्य यांच्या संबंधात आदर आणि शिक्षा या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या, हे त्या पिढीच्या मनोघडणीविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

येथून या ग्रंथाच्या मुख्य प्रतिपादनाकडे वळता येते. विद्यापीठाने या पदवीधरांना प्रत्यक्ष शिकविले नाही. परंतु त्या पदवीधरांनी मात्र विद्यापीठाचा कारभार हळूहळू आपल्या हाती घेतला आणि परीक्षा घेणाऱ्या त्या यंत्रणेला विद्येच्या संस्थेचे रूप दिले. हे कसे घडले, ते पाहण्यासाठी कारभाराच्या पदांचा थोडा परिचय हवा. इलाख्याचा गव्हर्नर हा पदसिद्ध कुलपती असे. कुलगुरूची नेमणूक सरकार करी. पहिले कुलगुरू सर विल्यम यार्डली हे मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते आणि नंतरही दीर्घ काळ न्यायमूर्ती, धर्मोपदेशक किंवा वरिष्ठ अधिकारी आपले मूळ काम सांभाळून हे पद भूषवीत. नियम, अभ्यासक्रम आणि परीक्षक यांविषयीचे निर्णय मात्र सिनेटमध्ये, म्हणजे अधिसभेत, होत आणि तिच्या सभासदांना फेलो म्हणत. या फेलोंच्या बाकांवर १८६० च्या दशकापासून देशी पदवीधर बसू लागले.

रानडे कधीही कुलगुरू झाले नाहीत, तरी अधिसभेतील त्यांचे काम अनेक कुलगुरूंच्या कारकिर्दींपेक्षा मोलाचे ठरते. आरंभीच्या काही वर्षांनंतर मराठी, गुजराती आदी देशी भाषांना विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून बाजूला सारून त्यांची जागा संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना देण्यात आली होती. देशी भाषांत वाङ्मयच नाही, असा आक्षेप घेतला जाई. रानडे यांनी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयी इंग्रजीत जे टिपण लिहिले, त्यात प्रकाशित ग्रंथांची विषयवार गणना करून या आक्षेपाला आकड्यांनी उत्तर दिले, आणि एम. ए. च्या परीक्षेत देशी भाषांना स्थान मिळावे यासाठी ते आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडले. आज मराठी घेऊन पदवी मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला ही लढाई माहीत नसते; तिचे श्रेय मात्र याच पहिल्या पदवीधराकडे जाते.

काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे या विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. १८५० साली जन्मलेले तेलंग १८९२ साली या पदावर आले, तेव्हा ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते आणि मॅक्स म्यूलर यांच्या ग्रंथमालेतील त्यांचे भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध होऊन दहा वर्षे झाली होती. १८९३ च्या सप्टेंबरात, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी भांडारकर आले. पहिल्या मॅट्रिकच्या तुकडीतील विद्यार्थी चौतीस वर्षांनी त्याच विद्यापीठाच्या सर्वोच्च आसनावर बसला. भांडारकर यांनी १८७७ साली विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत दिलेली व्याख्याने ही विद्यापीठाच्या छत्राखाली झालेल्या मौलिक संशोधनाची आरंभीची उदाहरणे होत, आणि त्यांची संस्कृतची दोन शालेय पुस्तके महाराष्ट्रातील पिढ्यान् पिढ्यांनी गिरविली. विद्वत्ता आणि क्रमिक पुस्तक या दोन्ही गोष्टी सारख्याच गांभीर्याने हाताळणारे विद्वान पुढे दुर्मिळ होत गेले.

या कर्तृत्वाची दुसरी बाजू नोंदविल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोग मुंबई इलाख्यात आला. तेलंग त्या आयोगाचे सदस्य होते आणि त्याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. शेतकऱ्यांच्या करातून उभा राहिलेला पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, हा त्यातील मुख्य मुद्दा सर्वपरिचित आहे. त्याच निवेदनात फुले यांनी मुंबई विद्यापीठाविषयी एक विशिष्ट सूचनाही केली होती, तिच्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. महाविद्यालयात न जाता खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठ प्रवेशपरीक्षेस बसू देते, याबद्दल समाधान व्यक्त करून त्यांनी हीच सवलत वरच्या परीक्षांनाही लागू करावी, अशी मागणी केली. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचा एक गुण असा की त्याला विद्यार्थी कोठे आणि कसा शिकला, याच्याशी तत्त्वतः कर्तव्य नसते. ज्यांना महाविद्यालयाचे दार परवडत नाही अशांसाठी हा गुण किती मोठा ठरू शकतो, हे फुले यांनी ओळखले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विद्यापीठाशी असलेले नाते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. १९०७ साली मॅट्रिक आणि १९१२ साली एल्फिन्स्टनमधून बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आंबेडकरांनी संस्कृत शिकण्याची वाट बंद असल्यामुळे शाळेत फारसी घेतली होती, आणि पदवीलाही इंग्रजीबरोबर त्यांचा विषय फारसीच होता. पुढे ते सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि १९३५ पासून शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ही दोन्ही पदे सरकारी महाविद्यालयांतील असल्याने त्यांना विद्यापीठाचे अध्यापक म्हणणे काटेकोर अर्थाने बरोबर नाही. त्यांचा विद्यापीठाशी आलेला अधिक महत्त्वाचा संबंध सुधारकाचा आहे : १९२४ च्या सुमारास विद्यापीठ सुधारणा समितीला दिलेल्या लेखी उत्तरांत आणि पुढे कायदेमंडळातील भाषणांत त्यांनी शिकविणारे आणि परीक्षा घेणारे यांची फारकत हा विद्यापीठाचा मूलभूत दोष असल्याचे मांडले. १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय हे त्या विचाराला दिलेले प्रत्यक्ष रूप होय.

विद्यापीठ स्वतः शिकवू लागले ते १९१९ नंतर. त्याआधी १९०४ चा लॉर्ड कर्झन यांचा कायदा झाला, ज्याने फेलोंची संख्या पन्नास ते शंभर यांच्या दरम्यान आणि त्यांची मुदत पाच वर्षे अशी मर्यादित केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी, जे स्वतः १८८४ चे एल्फिन्स्टनचे पदवीधर होते, मध्यवर्ती कायदेमंडळात या विधेयकाला कसून विरोध केला, पण सरकारी बहुमतापुढे तो टिकला नाही. मात्र याच कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाचा अधिकारही स्पष्टपणे दिला. त्याचा उपयोग सर चिमणलाल सेटलवाड यांच्या काळात झाला, जे १९१७ ते १९२९ असे बारा वर्षे कुलगुरू होते.

अध्यापनाच्या या आरंभी समाजशास्त्राची निवड व्हावी, हे योगायोगाने घडले असले तरी फार फलदायी ठरले. १९१९ साली पॅट्रिक गेडीस यांना समाजशास्त्र आणि नागरशास्त्र या विषयांच्या अध्यासनावर बोलावण्यात आले. ते मूळचे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार. वर्गात शिकविण्यापेक्षा शहरात हिंडून शिकविणे त्यांना अधिक मानवत असे. त्यांनी निवडलेल्या विद्यार्थ्यांत मालवणात जन्मलेले, संस्कृतचे पदवीधर गोविंद सदाशिव घुर्ये होते. विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले, केंब्रिजला मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स आणि त्यांच्या निधनानंतर हॅडन यांच्याकडे त्यांनी संशोधन केले, आणि १९२४ साली ते मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले. १९५९ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, त्यांनी तो विभाग सांभाळला. १९३२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा जातिव्यवस्थेवरील ग्रंथ आजही वाचला जातो. त्यांच्या काही निष्कर्षांशी, विशेषतः आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ मानण्याच्या त्यांच्या भूमिकेशी, सहमत होणे आज कठीण आहे. परंतु त्यांची खरी निर्मिती त्यांचे विद्यार्थी होत. इरावती कर्वे यांनी १९२८ साली त्यांच्याकडे चित्पावनांवरील प्रबंध लिहून एम. ए. केले आणि पुढे बर्लिनला जाऊन मानवशास्त्राचा मार्ग धरला. म्हैसूरहून आलेले एम. एन. श्रीनिवास येथे घुर्यांच्या हाताखाली घडले आणि नंतर ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी कूर्गी लोकांवरील १९५२ च्या ग्रंथात ‘संस्कृतीकरण’ ही संकल्पना मांडली, म्हणजे खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या जातींचे आचार उचलून आपले स्थान उंचावण्याची प्रक्रिया. अक्षयकुमार देसाई हे मार्क्सवादी. भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील त्यांचा ग्रंथ घुर्यांकडेच प्रबंध म्हणून सिद्ध झाला. मते जुळत नसलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध पुरा करून घेणे हे चांगल्या मार्गदर्शकाचे लक्षण असते, आणि हे लक्षण घुर्ये यांच्यात होते.

अर्थशास्त्र विभागाची परंपराही तितकीच भक्कम आहे. चंदुलाल नगीनदास वकील यांनी तिचा पाया घातला आणि त्यांनी पी. आर. ब्रह्मानंद यांच्यासमवेत १९५६ साली महालनोबिस यांच्या अवजड उद्योगांवर भर देणाऱ्या योजनेला पर्याय सुचविला. कामगाराला लागणारे धान्य, कापड यांसारख्या मजुरी-वस्तूंच्या पुरवठ्यावर रोजगार अवलंबून असतो, म्हणून आधी त्यांचे उत्पादन वाढविले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९३३ साली सुरू झालेला रसायन तंत्रज्ञान विभाग हा विज्ञानाच्या क्षेत्रातील असाच प्रकार. त्याचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि याच विभागात शिकलेले, गोव्यातील माशेल येथे जन्मलेले रघुनाथ माशेलकर त्याच प्रयोगशाळेचे नेतृत्व करून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. हा विभाग २००८ पासून अभिमत विद्यापीठ म्हणून स्वतंत्र आहे.

स्त्रियांच्या बाबतीत पदवी आणि तिचा उपयोग यांतील अंतर अधिक ठळक दिसते. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर; परीक्षेत उत्तम यश मिळवूनही इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून नाकारण्यात आली. लोकांनी जमविलेल्या मदतीवर त्या ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली आणि ती पदवी त्यांच्या हाती पडण्यास आणखी तीस वर्षे लागली. कमला सोहोनी यांनी १९३३ साली मुंबईची बी. एस्सी. पदवी मिळविली, तरी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. आग्रह धरून तो मिळविल्यावर त्या पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली तेथील पीएच. डी. घेऊन परतल्या. कालांतराने त्या मुंबईच्याच विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. १९९५ साली कुलगुरू झालेल्या बालशल्यचिकित्सक डॉ. स्नेहलता देशमुख यांच्या काळात विद्यार्थ्याच्या नावाबरोबर आईचेही नाव नोंदविण्याची पद्धत विद्यापीठात सुरू झाली, ही बाब या मालिकेत जोडून वाचण्यासारखी आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ साली, पांडुरंग वामन काणे कुलगुरू झाले. एका संस्कृत ग्रंथाची संपादित आवृत्ती काढताना प्रस्तावनेसाठी धर्मशास्त्राचा इतिहास थोडक्यात लिहावा, असे त्यांनी ठरविले. ती प्रस्तावना वाढत जाऊन १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांचा आणि साडेसहा हजारांहून अधिक पानांचा धर्मशास्त्राचा इतिहास तयार झाला. वकिली आणि कुलगुरुपद सांभाळून हे काम चालले होते, हे लक्षात घेतल्यास त्या पिढीच्या कामाच्या रीतीची कल्पना येते. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

पदाच्या दृष्टीने दुसऱ्या टोकाला असलेले एक नाव या ग्रंथात आवर्जून घेतले आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे १९२९ चे बी. एस्सी.; त्यांनी आयुष्यभर देवळालीच्या शाळेत शिकविले आणि फावल्या वेळात अंकांचा अभ्यास केला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि हीच क्रिया करीत राहावे, तर फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. उदाहरणार्थ, ३५२४ पासून सुरुवात केल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. हा स्थिरांक आज जगभर कापरेकरांच्या नावाने ओळखला जातो. विद्यापीठांच्या गौरवग्रंथांत न्यायमूर्ती आणि मंत्री यांना जेवढी पाने मिळतात, त्यांतील काही अशा शिक्षकांकडे वळविणे न्याय्य आहे.

कर्मचारी या शब्दाने केवळ प्राध्यापक समजण्याची सवयही सोडली पाहिजे. परीक्षा, निकाल आणि नोंदी यांवर उभ्या असलेल्या या संस्थेचा कणा कुलसचिवांचे कार्यालय हा होता. दीर्घ काळ कुलसचिव राहिलेले एस. आर. डोंगरकेरी यांनी विद्यापीठाच्या पहिल्या शतकाचा इतिहास लिहिला आणि १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ते त्याचे पहिले कुलगुरू झाले. देणगीदारांचीही स्वतंत्र नोंद हवी : कापसाच्या व्यापारात गडगंज झालेले प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले, अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर १८६५ साली त्यांचा व्यापार कोसळला, पण त्यांच्या आईचे नाव धारण करणारा राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. त्याचा आराखडा करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधीच आले नव्हते.

पदवी देणे आणि ती काढून घेणे हे दोन्ही अधिकार विद्यापीठाकडे असतात. विनायक दामोदर सावरकर यांची बी. ए. ची पदवी विद्यापीठाने १९११ साली रद्द केली आणि १९६० साली ती परत बहाल केली. त्यामुळे पदवीधरांच्या नोंदीत त्यांचे नाव असावे की नाही, याचे उत्तर जवळजवळ पन्नास वर्षे नाही असे होते.

नोंदींच्या मर्यादेविषयी शेवटी इतके सांगणे आवश्यक आहे. या विद्यापीठाचे क्षेत्र एके काळी सिंधपासून उत्तर कर्नाटकापर्यंत पसरले होते, आणि १९४९ साली पुणे, गुजरात व कर्नाटक विद्यापीठे सुरू होईपर्यंत त्या त्या भागांतील महाविद्यालये मुंबईशी संलग्न होती. गोवा १९६१ साली मुक्त झाल्यानंतर तेथे निघालेली महाविद्यालयेही १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत मुंबईकडे होती. म्हणून १९४९ पूर्वीचे डेक्कन, फर्ग्युसन व बडोदा येथील पदवीधर, १९४७ पूर्वीचे कराची येथील पदवीधर आणि १९८५ पूर्वीचे गोव्यातील पदवीधर या ग्रंथात मुंबई विद्यापीठाचेच धरले आहेत. १९९६ पूर्वीच्या नोंदींत विद्यापीठाचे इंग्रजी नाव ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’ असेच ठेवले आहे.